तपासणीत काय विचारतात
शिरोडा, ऑगस्ट ते डिसेंबर 2025

शुक्रवार, 1 ऑगस्ट

आज महसूल दिन. पेपरभर महसूल सप्ताहाच्या बातम्या, आणि इथे पावसाने सकाळपासून धरलंय. दुपारी वाडीतल्या काकी आल्या. माहेरकडून त्यांच्या वाट्याला आलेलं घर शेजारच्या गावात आहे. त्याची दुरुस्ती करायची, तर पतसंस्थेला नमुना 8 चा, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा उतारा हवा, आणि उताऱ्यासाठी त्या फेऱ्या मारून दमल्या आहेत. मी म्हटलं, “अर्ज ऑनलाइन करता येतो काकी. पावती मिळते आणि मुदतीत उतारा द्यावाच लागतो.” त्या म्हणाल्या, “ता ऑनलाइन तुमच्याकडेच ऱ्हवांदे. माका शिक्को मारलेलो कागद होयो.”

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेत गेली. काकींचं बोलणं मला अडाणीपणाचं वाटलं नाही. शिक्क्याशिवायच्या कागदाला किंमत नसते हे त्यांना कार्यालयांनीच शिकवलंय, वर्षानुवर्षं परत पाठवून.

लोकसेवा हक्काचा कायदा 2015 साली आला. जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचे दाखले, दारिद्र्यरेषेखालचा दाखला, निराधार असल्याचा दाखला, येणे बाकी नसल्याचा दाखला आणि नमुना 8 चा उतारा, ग्रामपंचायतीच्या या सेवा त्यात अधिसूचित झाल्या. मुदतीत दिलं नाही तर अपील, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड. कायदा आहे, पोर्टल आहे, पंचायतीत संगणक आहे, तरी दहा वर्षांनी काकी माझ्या ओट्यावर भिजून बसलेल्या. हे असं का, याचा छडा लावायचा ठरवलंय. जे दिसेल ते या वहीत लिहीत जाईन.

मंगळवार, 12 ऑगस्ट

काकींबरोबर त्यांच्या माहेरच्या पंचायतीत जाऊन आले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण असं चित्र बऱ्याच ठिकाणी आहे.

आत शिरल्यावर समोर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचं टेबल. गेल्या वर्षी शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून हे नवं नाव दिलं. लोक मात्र अजून भाऊच म्हणतात. संगणक कोपऱ्यात, खिडकीजवळ, तिथे सेवा केंद्र सांभाळणारी केंद्रचालक मुलगी. तिने काकींचं नाव घातलं, मालमत्ता शोधली, उतारा पडद्यावर आला. याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खरं काम त्यानंतर सुरू झालं. भाऊंनी कपाटातून आकारणीची लाल कापडी बांधणीची नोंदवही काढली, बोट फिरवत ओळ शोधली आणि पडद्यावरचा आकडा वहीशी ताडून पाहिला. सगळं जुळलं तरच पुढे प्रिंट. मग जावक नोंदवहीत हाताने क्रमांक. मग सही, गोल शिक्का, आणि स्थळप्रतीवर अर्जदाराची सही. काम पूर्वी एकदा व्हायचं, आता दोनदा होतं, आणि त्याला आपण संगणकीकरण म्हणतो.

भाऊ माणूस सज्जन. चहा मागवला. मी विचारलं, “संगणकावर नोंद असताना वही कशाला काढता?” ते म्हणाले, “ताई, ऑडिटला ही वही मागतात. विस्तार अधिकारी दप्तर तपासायला येतात तेव्हा ही वही मागतात. संगणक आजवर कुणी मागितला नाही. उद्या दोन्हींत फरक निघाला तर शक माझ्यावर, मग मी कशावर विश्वास ठेवू?”

घरी आल्यावर हेच वाक्य डोक्यात फिरतंय. लेखासंहितेचे 1 ते 33 नमुने ज्याच्या मानगुटीवर आहेत, तो माणूस तपासणारा जे मागतो तेच नीट ठेवणार. यात आळस नाही की तंत्रज्ञानाचा तिरस्कारही नाही. उतारा आज मिळालाच नाही, कारण वहीत फेरफाराची नोंद बाकी निघाली.

शनिवार, 16 ऑगस्ट

कालच्या ग्रामसभेची चर्चा आज बाजारात. जो तो रेंजला दोष देतो. रेंजचा त्रास खराच आहे. झाडांत आणि घाटीच्या आड वसलेल्या वाड्यांत पावसाळ्यात फोन लागत नाही, भारतनेटची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली की कुणाची जबाबदारी ते कळत नाही. पण ज्या दिवशी रेंज होती त्या दिवशीही काकींचं काम झालं नाही. रेंजच्या नावावर पुष्कळ काही खपतं.

दुसरी अडचण बोटांची. काजू कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या बायकांची बोटं टरफलातल्या चिकाने भाजलेली असतात. ठसा उमटत नाही. कार्यालयाकडे दुसरी वाट असते, ओटीपी असतो, डोळ्यांची ओळख असते, पण ती वाट घ्यायचं ठरवायचं कुणी? केंद्रचालकाला तो अधिकार वाटत नाही आणि अधिकाऱ्याला ते आपलं काम वाटत नाही. बाईला सांगतात, सिस्टीम घेत नाही. पूर्वी साहेब नाहीत म्हणून परत पाठवायचे. निर्णय टाळण्याची जुनी सवय नव्या यंत्राआड बसली आहे.

शनिवार, 30 ऑगस्ट

घर भरलंय. गणपतीसाठी चाकरमानी आलेत, भजनं चालू आहेत. डोंबिवलीचा पुतण्या संगणकातलाच. त्याने आजोळच्या घराची घरपट्टी फोनवरून भरली आणि खूश झाला. काल पावती दाखवायला गेला तर तिथल्या कार्यालयात म्हणाले, “पैसे आले असतील, पण आमच्या पुस्तकातून पावती फाडली नाही, म्हणजे आमच्या हिशेबी बाकीच.” तो चिडला. मी त्याला त्याच्याच शहराची गोष्ट सांगितली.

1990 च्या दशकाच्या शेवटी श्रीकांत सिंह हे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचे आयुक्त होते. त्यांच्या काळात तिथे संगणकीकरण सुरू झालं आणि नागरी सुविधा केंद्र उभं राहिलं. पुढे राज्याने इतर शहरांसाठी तोच नमुना धरला. त्यातली महत्त्वाची गोष्ट संगणकाची नव्हती. नागरिकाने विभागांच्या दारात जायचंच नाही, अर्ज एका खिडकीवर द्यायचा, दाखला कधी मिळेल ते तिथेच कळणार, आणि आतल्या टेबलांवर अर्ज कुठे अडकला हे वरून दिसणार. ज्या टेबलावर कागद दाबून ठेवता येत होता, त्या टेबलाची ताकद गेली. कामाची वाट बदलली म्हणून संगणक उपयोगाला आला. पुतण्या म्हणाला, “म्हणजे पावतीपुस्तक बंद केल्याशिवाय ॲप चालणार नाही.” बरोबर. दोन्ही चालू ठेवली की माणसं जुन्याकडेच वळतात.

गुरुवार, 4 सप्टेंबर

आज घर थोडं शांत. लखीना पद्धतीविषयी लिहून ठेवते, कारण नव्या पोरांना हे नाव माहीत नसतं.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना हे अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे जिल्हाधिकारी होते. कार्यालयात एकही संगणक नसताना त्यांनी कार्यालय बदललं. अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून गठ्ठे लावले, निरुपयोगी रद्दी काढली, कुणी काय काम करायचं ते लिहून दिलं, बसण्याची व्यवस्था अशी केली की कोण काय करतोय ते दिसावं, आणि लोकांसाठी एक खिडकी उघडली. जुना कागद मागितल्यावर काही मिनिटांत हातात येऊ लागला. पाहायला बाहेरून माणसं येत. आमच्या पिढीच्या प्रशिक्षणात हे नाव ऐकल्याशिवाय दिवस जात नसे. सहा गठ्ठे लावण्याची शिस्त त्याच परंपरेतली. पुढे 2017 च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम चालवली. तिचा पायाही हाच, आधी दप्तर लावा, मग आजचं काम आज संपवा.

पण या पद्धतीचं दुखणंही मी जवळून पाहिलंय. साहेब बदलला की गठ्ठे पुन्हा ढासळतात. साहेबाच्या उत्साहावर उभी असलेली शिस्त बदलीच्या आदेशाबरोबर निघून जाते. टिकायची तर ती तपासणीच्या प्रश्नावलीत उतरावी लागते, म्हणजे येणारा प्रत्येक साहेब तेच विचारील.

बुधवार, 17 सप्टेंबर

मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान आजपासून सुरू झालं, 31 डिसेंबरपर्यंत चालेल. गुणांची स्पर्धा आहे, बक्षिसं मोठी आहेत. ऑनलाइन सेवांनाही त्यात स्थान आहे. वर्षाच्या सुरुवातीला शासकीय कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा सुधारणा कार्यक्रम झाला, त्याचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केलं, मग दीडशे दिवसांचा सुरू झाला. यंदाच्या महाराष्ट्र दिनी आपल्या जिल्हा प्रशासनाने कारभारात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचंही जाहीर केलं. वरून जोर आहे, आणि तो हवाच.

स्पर्धेने सवयी बदलतात यावर माझा विश्वास आहे, कारण या जिल्ह्याने ते करून दाखवलंय. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 साली सुरू झालं. पुढे 2016 च्या ग्रामीण स्वच्छ सर्वेक्षणात सपाटीवरच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला, डोंगरी जिल्ह्यांत हिमाचलचा मंडी. ते नुसत्या पाट्या रंगवून झालं नव्हतं. गुड मॉर्निंग पथकं पहाटे पाणंदीत उभी राहायची. समिती घरी आली की शौचालयाची यादी बाजूला ठेवून शौचालयाचं दार उघडून बघायची, आत पाणी आहे का, की लाकडं भरून ठेवलीत. वापर तपासला गेला म्हणून वापर वाढला.

आता डिजिटल सेवांचंही असंच दार उघडून बघायला हवं. पंचायतीचं संकेतस्थळ आहे का, असा प्रश्न असला तर गुण मिळतील आणि संकेतस्थळावर जुन्या सरपंचाचा फोटो राहील. मागच्या महिन्यात किती अर्ज घरबसल्या आले आणि त्यांतल्या किती जणांना तरीही कार्यालयात बोलावलं, असं विचारलं तर चित्र वेगळं दिसेल.

रविवार, 28 सप्टेंबर

या आठवड्यात मन भरून आलं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्याची रोहिणी ग्रामपंचायत, आदिवासी भागातली. तिला राष्ट्रीय ई-शासन पुरस्कारांत सुवर्ण मिळालं. कागदाविना कारभार आणि ऑनलाइन सेवा यांसाठी. ज्यांना वाटतं की हे फक्त पुण्या-मुंबईला जमतं, त्यांनी नकाशावर रोहिणी शोधावी. पैसा, शिक्षण, रेंज, यांत ती आपल्या पुढे असायचं कारण नाही. पंचायतीने कारभार ऑनलाइनच करायचा असं ठरवलं, आणि ते शेवटपर्यंत धरून ठेवलं.

सोमवार, 13 ऑक्टोबर

केंद्रचालक मुलगी आज घरी आली होती. मानधन वेळेवर येत नाही. 2011 मध्ये ‘संग्राम’ प्रकल्प आला तेव्हा राज्यभर ग्रामपंचायतींत संगणक परिचालक बसले. 2015 च्या अखेरीस तो संपला, 2016 पासून त्याच जागी आपले सरकार सेवा केंद्रं आली. पाटी बदलली, मुलांची नेमणूक मात्र कंपनीमार्फतच राहिली. ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून मान्यता द्या, यासाठी ही मुलं आझाद मैदानात बसली, नागपूरला गेली.

ती म्हणाली, “काकू, गावाचं सगळं माझ्या हातातून जातं. ई-ग्रामस्वराजवर आराखडा मी भरते, बिलं मी चढवते. पण मासिक सभेत मला बसायला सांगत नाहीत. चूक झाली की मात्र नाव माझं.” मग हळूच म्हणाली, “सरपंच आणि भाऊ दोघांच्या डिजिटल सहीची टोकनं माझ्याच ड्रॉवरमध्ये असतात.”

मी हादरले. ती टोकनं म्हणजे गावाच्या तिजोरीची किल्ली. ती कंत्राटी मुलीच्या ड्रॉवरमध्ये टाकून दोघं निर्धास्त, कारण त्यांच्या मनात ते संगणकाचं काम आहे, आपलं नाही. कार्यालयाने डिजिटल कारभार आपल्या अंगाला लावूनच घेतलेला नाही, कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवलाय. तिला मी सांगितलं, उद्याच्या उद्या टोकनं परत कर आणि परत केल्याचं लिहून घे.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

केरळबद्दल वाचत होते. 1996 मध्ये तिथे लोकनियोजनाची मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या नियोजन निधीचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे गेला. त्यानंतर, 1999 मध्ये, त्या संस्थांच्या संगणकीकरणासाठी ‘इन्फर्मेशन केरळ मिशन’ आलं. जानेवारी 2024 पासून शहरांत ‘के-स्मार्ट’ हे ऑनलाइन सेवांचं व्यासपीठ आलं आणि यंदा ते ग्रामपंचायतींपर्यंत पोचलं. क्रम बघण्यासारखा आहे. पैसा आणि अधिकार आधी, यंत्र मागून. ज्या पंचायतीला रोज स्वतःचे निर्णय घ्यायचे असतात तिला माहितीची गरज पडते.

आपल्याकडे वारणेचं उदाहरण आहे. 1998 मध्ये वारणानगर परिसरातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडलं. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण, असं खूप काही मिळणार होतं. प्रत्यक्षात टिकला तो उसाचा व्यवहार, तोडणी, वजन, खत, बिल. 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांतल्या काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस लावून बघितला, तेच काम स्वस्तात झालं. उसाचा हिशेब साखर कारखान्याला रोज लागायचा, म्हणून तो कधी बंद पडला नाही. संस्थेच्या दैनंदिन गरजेत जे बसतं तेच चालतं. ग्रामपंचायतीला नेमकी कशाची रोज गरज आहे, हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी तिला विचारायला हवं होतं.

गुरुवार, 20 नोव्हेंबर

काकींच्या माहेरच्या पंचायतीत बदली होऊन नवीन अधिकारी आल्या आहेत. वयाने लहान. आज काकींबरोबर पुन्हा गेले, आणि तिथे जे पाहिलं ते सविस्तर लिहिते.

संगणक कोपऱ्यातून त्यांच्या टेबलाशेजारी आलाय. केंद्रचालक आणि त्या, दोघींना एकच पडदा दिसतो. आकारणीची वही आणि संगणक यांतले फरक त्यांनी एक वाडी एक आठवडा असं ठरवून काढायला घेतलेत. ज्या वाडीचं ताडून झालं, तिचा उतारा वही न उघडता देतात. जावक क्रमांक संगणकाचाच. आमच्याकडचा गुंता निराळा आहे. घरं गावठाणात कमी आणि वाड्यांवर पसरलेली जास्त, जमीन सामायिक, सातबारावर मुंबईतल्या चुलत्यांची पंचवीस नावं. तरी त्या चिकाटीने करताहेत. मी विचारलं, “चूक राहिली तर?” त्या म्हणाल्या, “राहील ना. राहिली तर दुरुस्तीचं टिपण लिहिते, मासिक सभेपुढे ठेवते. चूक लपवली की दोन वह्या होतात.”

त्यांच्या सभेत केंद्रचालक बसते. काय अडतंय ते तिला आधी विचारतात.

काकींना उतारा मिळाला. त्यांचा प्रश्न ठरलेला, “आणि शिक्को खय आसा?” बाई हसल्या नाहीत, चिडल्या नाहीत. पतसंस्थेच्या लिपिकाला फोन लावला, उताऱ्यावरचा क्यूआर कोड तुमच्या मोबाइलवर कसा तपासायचा ते सांगितलं आणि म्हणाल्या, “हा कागद माझा आहे. शंका आली तर मला विचारा, काकींना परत पाठवू नका.” संध्याकाळी काकींचं प्रकरण दाखल झालं. आपल्या पडद्यावरच्या नोंदीमागे स्वतः उभं राहणारा अधिकारी, हा सगळ्या डिजिटल सेवेचा कणा आहे, आणि तो कुठल्याही निविदेत विकत मिळत नाही.

शुक्रवार, 5 डिसेंबर

या आठवड्यात महसूल विभागाने सांगितलंय की डिजिटल सहीचा सातबारा कायदेशीर आहे, त्यावर वेगळा सही-शिक्का लागणार नाही. डिजिटल सहीचा सातबारा 2018 पासून मिळतो आहे. म्हणजे सात वर्षं तो देणारं शासनच होतं आणि तो नाकारणारी टेबलंही शासनाचीच होती. ही बातमी जपून ठेवली. एका कार्यालयाने बदलून भागत नाही, त्याचा कागद घेणारं पलीकडचं कार्यालयही बदलावं लागतं.

रविवार, 14 डिसेंबर

चार महिन्यांची पानं वाचून काढली. नुसतं लिहून उपयोग नाही, म्हणून पंचायत समितीला पत्र तयार केलंय. दप्तर तपासणीच्या प्रश्नावलीत चार प्रश्न घाला, एवढीच मागणी. एक, अर्ज घरून आलेला असताना अर्जदाराला कार्यालयात का बोलावलं? दोन, कोणकोणत्या नोंदी वहीत आणि संगणकावर दोन्हीकडे होतात, आणि त्यांतली एक कधी बंद करणार? तीन, डिजिटल सहीचं टोकन कोणाच्या ताब्यात आहे? चार, केंद्रचालकाने मांडलेल्या अडचणींवर मासिक सभेत काय झालं?

एस्टोनियासारख्या छोट्या देशात सरकारी यंत्रणा 2001 पासून माहितीच्या एका जाळ्याने जोडत नेल्या, आणि जी माहिती शासनाकडे आधीच आहे ती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही असं कायद्यानेच ठरवलं. आपल्याला तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचा मसुदा इथे उतरवून ठेवते. वाडीतल्या पाच-सहा बायका अनुमोदन द्यायला तयार आहेत, काकी सूचक होणार आहेत.

“जो दाखला, पावती किंवा नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी आहे, तिची प्रत ग्रामपंचायत कोणत्याही ग्रामस्थाकडे मागणार नाही. डिजिटल सहीच्या दाखल्यावर हाताच्या सहीची व शिक्क्याची अट घालणार नाही. मुदतीत न दिलेल्या दाखल्यांची संख्या व कारणे दर मासिक सभेत वाचून दाखवली जातील आणि कार्यालयाच्या दाराशी लावली जातील.”